गिटारचं पेडल सारखं सुटतंय? बोर्ड उलटा करा आणि आधी बघा, नेमकं कोण सुटलं

मे महिना, नागपुरात काटोल रोडवरचं एक लॉन, लग्नाच्या आदल्या रात्रीचं संगीत. तिसरं गाणं चालू होतं. सोलो आला, मी ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या डबीवर (पेडलवर), पाय दिला आणि गिटार गप्प. नुसतं ओव्हरड्राइव्ह गेलं असतं तर निभावलं असतं. पण सूर जुळवायच्या ट्युनरचा दिवा गेला, प्रतिध्वनी देणाऱ्या डिलेचा गेला, पेडलं बसवलेल्या बोर्डावर एकही लाल ठिपका उरला नाही. साउंडवाला लांबून हातवारे करत होता, "भाऊ, केबल पाहा ना!" केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी बोर्ड पायाने बाजूला सारला, गिटार थेट डीआय बॉक्समध्ये (गिटार साउंड सिस्टिमला जोडणाऱ्या डबीत) खुपसली आणि उरलेला कार्यक्रम कोरड्या आवाजात काढला. वऱ्हाडाला काही कळलं नाही. नवरदेवाच्या मामांनी तर येऊन हात मिळवला.

नंतर मांडवामागे, जनरेटरजवळच्या हॅलोजनखाली बोर्ड नीट बघितला. ओव्हरड्राइव्ह एका कुशीवर कललं होतं. हाताने उचललं तर त्याच्या पोटाखालून गम ताणत वर आला, थेट एकतारी पाकासारखा. वेल्क्रोच्या पट्ट्या मात्र इमानेइतबारे एकमेकींना धरून बोर्डावर बसलेल्या. सुटलं होतं ते फक्त पट्टी आणि पेडलचं पोट यांच्या मधलं.

आणि सगळे दिवे एकदम का गेले, तेही तिथेच दिसलं. पेडल कललं तेव्हा त्याची पॉवरची पिन निसटली आणि शेजारच्या पॅच केबलच्या (दोन पेडलं जोडणाऱ्या आखूड केबलच्या) धातूच्या प्लगवर जाऊन टेकली. गिटार पेडलच्या नेहमीच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि बाहेरचं नळकांडं धन. म्हणजे उघड्या पडलेल्या पिनेची बाहेरची बाजूच ९ व्होल्टची. पॅच केबलच्या प्लगचं कवच अर्थिंगचं, म्हणजे ऋण बाजूचं. दोन्ही टेकले की थेट शॉर्ट. माझी आठही पेडलं एकाच ॲडॉप्टरवर, डेझी चेनने, म्हणजे अनेक पिना फुटलेल्या एकाच वायरने, जोडलेली, त्यामुळे एकाने जीव सोडला तर सगळ्यांनीच. त्यातली दोन-तीन बफर्ड बायपासची, वीज नसेल तर त्यांच्यातून साधा आवाजही पुढे जात नाही. म्हणून गिटार पूर्ण गप्प. आमचा साउंडवाला केबलला दोष देत होता, मी मनातल्या मनात ॲडॉप्टरला शिव्या घालत होतो, आणि खरं कारण होतं दहा-वीस रुपयांचा गम.

दोन वर्षांतली ही चौथी खेप होती. दर वेळी मी एकच केलं होतं: नवीन वेल्क्रो आणला, जुना ओरबाडून काढला, नवा चिकटवला. चौथ्यांदा पट्टी कापायला बसलो तेव्हा आमचा ड्रमर म्हणाला, "काहून बे, तेच तेच चिकटवून राहिला? चिकटून नाही राहिलं ना ते!" त्याला पेडलमधलं काही कळत नाही. पण त्या दिवशी त्याचंच बरोबर होतं.

कोण सुटलं?

वेल्क्रोने बसवलेल्या पेडलखाली चार जोड असतात. पेडलचं पोट आणि वरच्या पट्टीचा गम, हा पहिला. काटेरी बाजू आणि मऊ बाजू यांची पकड, हा दुसरा. खालच्या पट्टीचा गम आणि बोर्डाचा पृष्ठभाग, हा तिसरा. चौथा जोड लोक विसरतात: बोर्डाचा रंग किंवा लॅमिनेट आणि त्याखालचं लाकूड. प्लायवर नुसता रंग मारलेला असेल तर कधीकधी पट्टी रंगाचा पापुद्रा घेऊनच वर येते. यांतला कुठला सुटला ते कळल्याशिवाय नवी पट्टी आणू नका.

बघायचं कसं? सुटलेलं पेडल उलटं करा. पोट नागडं आणि पट्टी बोर्डावर राहिली असेल तर पहिला जोड. पेडलखाली दोन्ही पट्ट्या एकमेकींना धरून लोंबत असतील आणि बोर्ड उघडा असेल तर तिसरा, आणि त्यांच्या पाठीला रंगाचा पापुद्रा असेल तर चौथा. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी ठीक असूनही पेडल निघालं असेल तरच दोष वेल्क्रोच्या पकडीचा. माझ्या चार खेपांपैकी तीन वेळा पहिलाच जोड सुटला होता, एकदा तिसरा. वेल्क्रोची पकड एकदाही हरली नव्हती.

आणि सगळ्यात मोठा पुरावा माझ्या डोळ्यांसमोरच होता. त्याच बोर्डावर, त्याच रिळातल्या पट्टीने, ओव्हरड्राइव्ह पहिल्यांदा लावलं त्याच दिवशी चिकटवलेला ट्युनर तिसरा उन्हाळा काढत होता. तोच गम, तीच गरमी. फरक एकच: ट्युनरचं पोट सपाट धातूचं आहे, आणि ओव्हरड्राइव्हच्या पोटाला रबर.

रबराचं दुखणं

बॉस कंपनीच्या छोट्या पेडलांना खाली जाड रबराचा थर असतो, तो जमिनीवर पेडल घसरू नये म्हणून. कामाचाच आहे तो, फक्त वेल्क्रोसाठी नाही. अशा मऊ रबरात आणि व्हिनाइलमध्ये लवचीकपणासाठी तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, गमात शिरतात आणि गम मऊ करत जातात. म्हणून रबर कितीही पुसलं तरी महिना-दोन महिन्यांनी तेच. त्यात रबरावर बहुतेक वेळा खवले किंवा अक्षरं उठवलेली असतात, म्हणजे गमाला टेकायला जागाच अर्धी.

त्यात आपलं नागपूर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले होते. (३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने यंत्रच चुकल्याचं सांगितलं. आम्हाला मात्र त्या दिवशी यंत्र बरोबरच वाटत होतं.) सावलीत ४५ असेल तेव्हा उन्हात उभ्या, काचा बंद गाडीच्या आत साठच्या पुढे जातं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वेल्क्रोचा गम बहुधा रबरी जातीचा असतो. बोट लावताच झटकन चिकटतो म्हणून दुकानात छान वाटतो, पण उष्णतेत पाघळतो. दुसरी जात ॲक्रिलिक गमाची. तो सुरुवातीला मवाळ वाटतो, पकडायला वेळ घेतो, पण गरमीत टिकतो. रिळावर जात लिहिलेली नसेल तर एक ढोबळ खूण: रबरी गम पिवळसर असतो आणि ओढला की तार सुटते, ॲक्रिलिक बहुतेक वेळा पाण्यासारखा पारदर्शक. दुकानदाराला "गरमीत चालेल का?" विचारू नका, तो हो म्हणणारच. "ॲक्रिलिकचा आहे का?" असं विचारा.

तिसरी गोष्ट जोर कुठून येतो ती. सोलोच्या आवेशात मारलेल्या लाथेने पेडल सुटतं असं आपल्याला वाटतं. पण पाय पेडलला खाली दाबतो, म्हणजे उलट चिकटवतोच. गम सरळ ओढीला आणि सरकवणाऱ्या जोराला बऱ्यापैकी टिकतो. तो हरतो कडेपासून सोलणाऱ्या जोराला. पॅच केबल आखूड असेल आणि तिचा कोन ताठ असेल तर ती पेडलची एक कड दिवसरात्र वर ढकलत असते. आणि प्रवास. माझा बोर्ड ॲक्टिव्हाच्या पायापाशी उभा राहून जातो. आपल्या सिमेंट रोडच्या दर सांध्याला धक्, धक्, धक्. उभ्या बोर्डावर प्रत्येक पेडल स्वतःच्या वजनाने लोंबतं, त्यात हे धक्के. मानेवाड्यापासून काटोल रोडपर्यंत किती सांधे लागतात ते मी एकदा मोजायला घेतलं होतं, अर्ध्यात सोडलं.

पोट साफ करणं

पहिला जोड सुटत असेल तर इलाज एकच: रबराला चिकटवायचं नाही, धातूला चिकटवायचं.

रबर काढण्याआधी पेडलच्या पोटाचा फोटो काढून ठेवा, सीरियल नंबर दिसेल असा. नंबराचं लेबल रबराच्या आत बसवलेलं असेल तर त्याला हात लावू नका. मग घरातला केस वाळवायचा ड्रायर दोन-तीन मिनिटं पोटावर फिरवा. चटका बसेल इतकं नाही, हाताला गरम लागेल इतकंच. एका कोपऱ्यातून नख घाला आणि सावकाश सोलत जा. घाई केली तर रबर फाटतं. छोटे चिकट रबरी पाय असतील तर ते असेच निघतात.

खाली उरलेल्या चिकट थरासाठी थिनर वापरू नका. रंग जातो, लेबल जातं, प्लॅस्टिकचा भाग असेल तर तोही जातो. मी खोबरेल तेल लावलं, अर्धा तास ठेवलं, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडलं. तेलाने चिकटपणा सुटतो, पण आता तेल स्वतःच शत्रू, म्हणून भांड्यांच्या साबणाचा ओला फडका. ओला म्हणजे दमट, पेडलला आंघोळ घालायची नाही. पूर्ण वाळल्यावर शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले हेच वापरतात, सीताबर्डीवर मोदी नंबर तीन या गल्लीच्या आसपास सहज मिळतं. निम्मं अल्कोहोल, निम्मं पाणी, स्वच्छ सुती कापड, एकाच दिशेने पुसायचं. यानंतर पोटाला बोट लावायचं नाही. आपल्या बोटांना तेल असतं, आणि तर्री पोहे खाऊन बसला असाल तर विचारूच नका.

रबर काढायचं मनात नसेल, पेडल जुनं-मोलाचं असेल, पुढे विकायचं असेल, तर दुसरा मार्ग: खालची पत्र्याची पाटीच चार स्क्रू काढून जपून ठेवा आणि तिच्या मापाची ॲल्युमिनियमची पाटी कापून घ्या. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याचे तुकडे पडलेले असतात. मी आधी ॲक्रिलिकची पाटी बनवली होती, दिसायला झकास. लावली आणि ट्यूबलाइट लावताच स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. धातूची पाटी नुसतं झाकण नसते, बाहेरची वीजलहर आत येऊ न देणारी ढालही असते. आणि पाटी काढताना आत प्लॅस्टिकचा एक पातळ कागद दिसला तर तो हरवू नका. सर्किटचे टोकदार सांधे पत्र्याला टेकू नयेत म्हणून तो असतो.

पट्टी लावणं

इथे मी पूर्वी दोन मिनिटांत काम उरकायचो आणि तीच चूक होती.

पेडलच्या पोटावर कुठली बाजू लावायची, काटेरी की मऊ, यावर गिटारवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. काहीही ठरवा, पण सगळ्या पेडलांना एकच ठेवा. मी बोर्डावर मऊ ठेवतो, कारण बोर्ड उघडा असतो आणि काटेरी बाजूत गाद्यांचा कापूस, केस, लॉनवरचं गवत सगळं अडकतं.

पट्टी पोटाच्या जितक्या भागावर बसेल तितकी बसवा. स्क्रूची डोकी मोकळी सोडा, खालून बॅटरी घालायचं दार असेल तर तेही मोकळं. आता माझी आवडती युक्ती: पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपऱ्यापासूनच सोलणं सुरू होतं. गोल कडेला पकडायला टोक सापडत नाही. दहा सेकंदांचं काम, आणि माझ्या मते नव्या रिळापेक्षा जास्त उपयोगाचं.

लावल्यावर जोर द्या. हा गम दाबाने चिकटणारा असतो, नुसता ठेवून भागत नाही. चमच्याच्या पाठीने किंवा लाटण्याने सगळीकडून दाबून घ्या, कडांवर जास्त. मग थांबा. चांगल्या ॲक्रिलिक गमाच्या बाबतीत साधा हिशोब असा: वीस मिनिटांत निम्मी ताकद, एका दिवसात नव्वद टक्के, तीन दिवसांत पूर्ण. म्हणजे शनिवारी कार्यक्रम असेल तर पट्टी मंगळवार-बुधवारी लागलेली हवी. मी कायम शनिवारी दुपारी चार वाजता लावायचो.

थंडीतही एक अडचण येते. डिसेंबरात रात्री आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो. इतक्या गार धातूवर गम नीट पसरत नाही, वरवर टेकून राहतो. दुपारी काम करा, किंवा पोटावर आणि पट्टीवर दोन्हीकडे ड्रायर फिरवा.

दुसरा जोड, म्हणजे वेल्क्रोचीच पकड, गेली असेल तर आधी काटेरी बाजू साफ करा. जुना टूथब्रश, नाहीतर टाचणीने एकेक ओळ. वेल्क्रोची कल्पना जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरला १९४१ मध्ये सुचली, शिकारीहून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं बघून. शेतातून येताना आपल्या पँटीला चिकटून येतात तसलीच. बोंडावर कापूस गुंडाळला तर ते काय चिकटणार? तसंच आहे हे. मऊ बाजू मात्र कुरतडल्यासारखी, विस्कटलेली दिसत असेल तर ती बदलावीच लागते.

बोर्डाच्या बाजूचं

तिसरा जोड माझा एकदा सुटला, कारण बोर्ड सुताराकडून उरलेल्या प्लायचा बनवून घेतला होता आणि कच्च्या प्लायवरच पट्टी लावली होती. कच्चं लाकूड गमाला धूळ आणि तंतूच देतं. बारीक पॉलिश पेपर मारून, पुसून, व्हार्निशचे दोन हात दिले आणि वाळल्यावर पट्टी लावली. प्रश्न मिटला.

लाकडी बोर्ड असेल तर आणखी सोपं. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना स्टेपल गनने दोन-दोन पिना मारा. सोलणं टोकापासून सुरू होतं, टोकच बांधून टाकलं. बिनगमाचा, शिवायचा वेल्क्रो शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतो. तो लाकडी बोर्डावर चपलांच्या सोल्युशनने आणि स्टेपलने मस्त बसतो. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर ते आत ओलंच राहतं. पेडलच्या पोटाला मात्र सोल्युशन नको, पुढे काढताना रडाल. सुपर ग्लू तर अजिबात नको. तो काचेसारखा कडक होतो, धक्क्याने तडकतो आणि पेडलवर पांढरा थर सोडतो.

ड्युअल लॉक

थ्रीएम कंपनीचं ड्युअल लॉक हा वेल्क्रोचा पैलवान भाऊ. दोन्ही बाजू सारख्याच, भूछत्राच्या आकाराच्या बारीक दांड्यांच्या, दाबल्या की कटकट आवाज करत एकमेकांत बसतात. पकड जबरदस्त, हलणंही नाही. पण पूर्ण पोटाला लावू नका. एका मित्राने लावलं आणि पेडल काढताना बोर्डावरची पट्टी गमासकट उखडून आली. छोट्या पेडलाला चार कोपऱ्यांना बोटाच्या पेराएवढे तुकडे पुरतात. काढताना सरळ वर ओढू नका. एका कडेखाली चपटी पट्टी, म्हणजे पुट्टी लावायची पत्री, घालून उचकटा. सारखी पेडलं बदलायची सवय असेल तर मी ड्युअल लॉक सुचवणार नाही. किंमतही वेल्क्रोच्या कितीतरी पट आहे.

सायकलची चेन

वाह पेडल मात्र कशानेच थांबेना. दीड किलोच्या वर वजन, त्यावर पुढे-मागे पाय, म्हणजे सोलणारा जोर अखंड. त्याला इलाज स्क्रूचाच. ही युक्ती जुनी आहे, जगभर लोक करतात: सायकलच्या चेनची बाहेरची कडी घ्यायची, आठच्या आकड्यासारखी, दोन भोकांची. एक भोक पेडलच्या तळाच्या स्क्रूखाली, दुसरं बोर्डात लाकडी स्क्रूने.

सक्करदऱ्याच्या एका सायकलवाल्या काकांकडे गेलो. "काका, जुनी चेन असेल का?"

"कोणत्या सायकलची?"

"सायकलची नाही, गिटारला लावायची आहे."

त्यांनी पंक्चर तसंच सोडून माझ्याकडे पाहिलं. "गिटारले चेन? मंग पायडल कुठी लावतं?"

पायडलच तर लावायचं आहे, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण चेन तोडायच्या अवजाराने त्यांनी पटापट पिना पाडून डझनभर कड्या काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत. "चाललं तर सांगजो," म्हणाले. चेन काळ्या ग्रीसने माखलेली, ती घासलेटमध्ये रात्रभर भिजवून ब्रशने घासली.

बसवताना दोन गोष्टी. कडीची जाडी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पेडलचा मूळ स्क्रू बहुधा पुरतो. निदान तीन-चार आटे पकडतात की नाही ते बघा. लांब स्क्रू टाकायचाच असेल तर आत किती जाईल ते मोजा, सर्किटला टेकला तर खेळ खलास. दुसरं, काही पेडलांचे स्क्रू खाली निमुळत्या डोक्याचे असतात. ते कडीवर नीट बसत नाहीत, सपाट डोक्याचे घ्यावे लागतात. काहींचे आटे इंची, काहींचे मिलिमीटरचे. मूळ स्क्रू खिशात घालून इतवारीत लोहा ओळीत जा आणि जोडी लावून आणा. बोटांनी दोन फेरे सहज गेले नाहीत तर पेचकस लावू नका. पेडलचं खोकं ओतीव ॲल्युमिनियमचं, त्याचे आटे एकदा मेले की मेले.

प्रत्येक पेडलला दोन कड्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. वाहला मी चार लावल्या. आता बोर्ड उलटा धरला तरी वाह हलत नाही.

केबल आणि पिना

पेडल पक्कं केलं तरी पॅच केबल जराशी सैल ठेवा, कडेला ताण यायला नको. डेझी चेनच्या न वापरलेल्या पिनांना टोपी घाला. टोपी नसेल तर इन्सुलेशन टेप, तीही नसेल तर जाड स्ट्रॉचा तुकडा. उघडी पिन काय करते ते माझ्या त्या रात्रीत आलंच. ॲडॉप्टरची वायर बोर्डाला केबल टायने बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी झटका पिनेपर्यंत जाणार नाही.

आणि बोर्ड डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. जेवण किती का चांगलं असेना.

तपासणी

सगळं लावून तीन दिवस झाले की प्रत्येक पेडलच्या कडेने बोर्डावर पेन्सिलीची बारीक रेघ मारा. मग बोर्ड भिंतीला उभा टेकवून रात्रभर कूलर नसलेल्या खोलीत ठेवा. सकाळी रेघ बघा. पेडल रेघेवरून केसभरही खाली सरकलं असेल तर तो गम प्रवासात टिकणार नाही. आज सरकला म्हणजे महिन्याभराने सुटणार. रेघ जागच्या जागी असेल तर बोर्ड गादीवर उलटा धरा आणि दोन्ही हातांनी चांगला हलवा. माझा बोर्ड पहिल्या खेपेला रेघेत पास झाला आणि हलवण्यात नापास. डिले गादीवर पडलं. पोट उलटं करून बघितलं तर या वेळी दुसरा जोड. काटेरी बाजूत गादीचा कापूस भरलेला. टूथब्रशने साफ केला, परत हलवला. आता बसलं आहे.

काढलेली रबरं मी कागदात गुंडाळून, वर पेडलचं नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत. सायकलवाल्या काकांना अजून सांगायचं राहिलं आहे.